चढावरचा शेवटचा माणूस

डेल्मिरो गाव सोडून लेकीकडे, समुद्रकाठच्या वीगोला निघाला होता आणि त्याला काळजी लागून राहिली होती जुन्या मित्राची, लिसार्दोची.

घराची नव्हती. घराला कुलूप घातलं की ते मुकाट राहतं. कोंबड्या शेजारी दिल्या होत्या, द्राक्षं उतरवून झाली होती, धार लावायचं चाक पोत्यात बांधून पडवीत ठेवलं होतं. पण रविवारी सान पायोच्या चढावर लिसार्दो त्याच्या नेहमीच्या वळणावर सायकलवरून पाय टेकणार, हाशहुश करत रस्त्याकडेला बसणार, आणि त्याला आणायला खाली कोण येणार? "माझ्यामागे या माणसाचं व्हायचं कसं?" हे त्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याने रेगादे गावात इतक्या जणांना विचारलं की लोक त्याला लांबून पाहूनच मान डोलवायला लागले. मान डोलवताना ते हसू का दाबतात हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण डेल्मिरो एकदा बोलायला लागला की समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा नाही. ती त्याची जुनी खोड.

आणि त्याचा धंदाच मुळी बोलण्याचा. म्हणायला तो धारवाला. सुऱ्या, कात्र्या, कोयते, द्राक्षं छाटायच्या कैच्या. सायकलच्या मागच्या चाकाला पट्टा आणि पट्ट्याला दगडी चाक, असं सगळं दुकान सायकलवर लादून तो सील नदीच्या दोन्ही काठांवरची गावं फिरायचा. गावात शिरताना पावा वाजवायचा. धारवाल्याचा पावा वाजला की पाऊस येतो अशी आमच्या खोऱ्यात पक्की समजूत, त्यामुळे आधी वाळत घातलेले कपडे आत जायचे आणि मग सुऱ्या बाहेर यायच्या. त्यातून हा पठ्ठ्या छत्र्याही दुरुस्त करायचा. "पाऊसही तूच आणतोस आणि छत्र्याही तूच शिवतोस, बरं चाललंय तुझं," असं बायका म्हणायच्या आणि हातातलं काम टाकून त्याच्याभोवती उभ्या राहायच्या. कारण वरच्या गावात कोणाची गाय व्याली, खालच्या गावात कोणाचं लग्न मोडलं, हे सुरीच्या धारेबरोबर फुकट मिळायचं. सुरी दोन मिनिटांत व्हायची. बातमीला अर्धा तास लागायचा.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याने एक जुनी व्हॅन घेतली, पण फिरणं तेच. सोमवारी उजाडताच निघायचा तो अंधार पडल्यावर घरी. बुधवारी मॉन्फोर्तेचा बाजार, तो तर त्याने कधी चुकवला नाही. आठवड्याच्या दिवशी आपलं स्वतःचं गाव उजेडात कसं दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं म्हटलं तरी चालेल.

रविवार मात्र गावाचा आणि सायकलचा. ही सायकल वेगळी. निळी, हलकी, हँडल खाली वाकलेलं. आठवडाभर लोखंडाचं दुकान डोंगरावर ढकलणारे पाय त्या सायकलवर असे सुटायचे की बरोबरचे त्याला शिव्या घालायचे. बरोबर तेव्हा सुतार होता, शाळामास्तर होते, द्राक्षमळेवाले दोघे भाऊ होते आणि लिसार्दो होता. पुढे सुतार गेला, मास्तर मुलाकडे माद्रिदला गेले, आणि इरिया आणि ब्राइस ही तरुण मंडळी आली, हँडलवर मीटर लावून. किती वेगाने चाललोय ते त्यांना मीटर सांगतं. आमच्या वेळी ते पोटऱ्या सांगायच्या.

निघायचं नदीवरच्या रोमन पुलापासून. आता तिथे परगावचे लोक उभे राहून फोटो काढतात. आमच्यासाठी तो पूल म्हणजे टायरमध्ये हवा नीट आहे ना ते बघायची जागा, कारण त्याच्या दगडांवरून गेलं की सगळं कळतं. मग नदीकाठाने, मग जहागीरदाराच्या जळक्या बुरुजाखालून. तो बुरूज आमच्याच पूर्वजांनी जाळला, चांगलं केलं, आणि त्याचे दगड अर्ध्या गावाच्या गोठ्यांत लागलेत. बुरुजापासून चढ सुरू. आधी द्राक्षांच्या पायऱ्या, एकावर एक, इतक्या उभ्या की टोपल्या कमरेला बांधून उतराव्या लागतात. त्यावर चेस्टनटचं रान. रानात ते वळण, जिथे कातळात माणसाच्या आकाराच्या कबरी कोरलेल्या आहेत, जुन्या साधूंच्या. रिकाम्या, पावसाचं पाणी साचलेल्या. आणि अगदी माथ्यावर सान पायोचा मठ. साधू केव्हाच गेले. देऊळ आहे, घंटा आहे, मनोऱ्यावरचं घड्याळ आहे, आणि अंगणात रविवारी लिसार्दोच्या बायकोचं, एर्मितासचं खाणं.

या टोळीचा एक कायदा होता. कोणी केला ते माहीत नाही, पण मोडला कोणी नाही. शेवटचा माणूस वर आल्याशिवाय वाइन ओतायची नाही. आणि जो सगळ्यांत पहिला पोचेल त्यानेच परत खाली उतरून शेवटच्याला घेऊन यायचं. पहिला आल्याची शिक्षाच म्हणा ना. पहिला यायचा डेल्मिरो. तो घामाघूम तोंडावरून रुमालसुद्धा नीट न फिरवता सायकल वळवायचा आणि ज्याचा दम निघाला असेल त्याच्याकडे उतरायचा. पूर्वी कधी सुतार असे, कधी मास्तर. लिसार्दो मागे असायचा पण अगदी शेवटचा असा नसायचा.

लिसार्दो देवळाचा सेवक. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली देणं. गोल चेहऱ्याचा, गोल पोटाचा, आणि दिवसाला दहा वाक्यं बोलला तर एर्मितास त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. डेल्मिरो आणि तो एका बाकावर शिकलेले. डेल्मिरो बोलायचा आणि मार लिसार्दो खायचा, कारण तेव्हाच्या मास्तरांना वाटायचं, एवढा आवाज एकट्याचा असूच शकत नाही.

मग ओबदुलिया गेली.

डेल्मिरोची बायको. फेब्रुवारीत आजारी पडली आणि एप्रिल तिने पाहिला नाही. मुलगी साबेला तेव्हा वीगोच्या इस्पितळात नर्स म्हणून नुकतीच लागली होती. आली, राहिली, परत गेली. आणि डेल्मिरोचं तोंड बंद झालं. म्हणजे खरंच बंद. गावात यायचा, पावा वाजवायचा, सुरी घ्यायचा, धार लावायचा, परत करायचा. बायकांना कळेना काय करावं. "धार लागली रे, पण पुढे काय?" असं कोणी विचारलं तर तो दुसरी सुरी मागायचा. माणूस रडला असता तर बरं झालं असतं. रविवारी सायकल अशी मारायचा की कोणाशी तरी भांडतोय. सगळ्यांच्या कितीतरी पुढे निघून जायचा, माथ्यावर एकटा उभा राहायचा, आणि इतर पोचले की जमिनीकडे बघायचा. शेवटच्याला आणायचा, पण तेही मुकाट.

असेच काही महिने गेले. एका रविवारी लिसार्दोच्या पोटरीत गोळा आला. खराच आला, त्या कबरींच्या वळणावर. त्याने पाय टेकला आणि कातळावर बसला. कायद्याप्रमाणे डेल्मिरो खाली आला. सायकल झाडाला टेकवली, लिसार्दोची पोटरी दोन्ही हातांनी चोळायला लागला, आणि चोळता चोळता, मान वर न करता म्हणाला, "तमालपत्रं कुठे ठेवायची रे ती?"

लिसार्दोला आधी कळलंच नाही.

"ओबदुलिया. तमालपत्रं कुठे ठेवायची? सगळी कपाटं बघितली. इतके महिने मी बिनतमालपत्राचं सूप पितोय. विचारायला कोणी नाही."

लिसार्दो म्हणाला, "आमच्याकडे पिठाच्या मागे असतात." बस, एवढंच म्हणाला. पण डेल्मिरोला तेवढं पुरलं. तो बोलायला लागला. तमालपत्रावरून सुपावर आला, सुपावरून तिच्या हातावर, हातावरून इस्पितळातल्या शेवटच्या दिवसांवर, आणि मग जे काही आत कोंडलं होतं ते सगळं त्या वळणावर बाहेर आलं. लिसार्दोची पोटरी केव्हाच मोकळी झाली होती. तो काही बोलला नाही. दोघं सायकली हातात धरून चालत वर गेले. चालत जायला अर्धा तास सहज लागतो, आणि डेल्मिरो देवळाच्या दारापर्यंत बोलत होता. त्या दिवशी अंगणात त्याने सूपही मागून घेतलं, आणि एर्मितास आत जाऊन एप्रनला डोळे पुसून आली.

पुढच्या रविवारी लिसार्दोने त्याच वळणावर पाय टेकला. त्याच्या पुढच्याही.

डेल्मिरो म्हणायचा, "तुझ्या पोटरीला सवय लागली मेल्या." लिसार्दो मान खाली घालायचा. आणि असं करत करत वीस-बावीस वर्षं झाली. डेल्मिरो पहिला पोचणार (तरुण मंडळीही माथ्याजवळ त्याला पुढे जाऊ द्यायची), मग खाली येणार, मग दोघं चालत वर. त्या अर्ध्या तासात त्या कातळांनी काय काय ऐकलं असेल! साबेलाचं लग्न, ते मोडणं, दुसरं लग्न, नातवाचं नाव. डेल्मिरोचे गुडघे. एका वर्षी गारा पडून द्राक्षं गेली ते. बाजारात आलेल्या चिनी सुऱ्या, ज्या धार लावायच्या लायकीच्याच नाहीत. आणि ओबदुलिया, कधी रडून, पुढे पुढे हसून. तिने एकदा रागाच्या भरात त्याचा पावा विहिरीत टाकला होता ती गोष्ट तर लिसार्दोने इतक्या वेळा ऐकली की ती आपल्याच घरात घडली असं त्याला वाटायला लागलं असेल. आठवड्याच्या दिवशी गावोगाव डेल्मिरो पुन्हा बातम्या वाटायला लागला होता. पण त्या लोकांच्या बातम्या. स्वतःची बातमी तो फक्त चढावर सांगायचा.

आणि आता साबेलाने हट्ट धरला होता. बाबा एकटे राहतात, बाबांनी यंदा बाजार वगळता धंदा बंद केला, डोळ्यांना नीट दिसत नाही, व्हॅन चालवणं बरं नाही. तिचं काही चुकत नव्हतं. तिने खोली रंगवून ठेवली होती. नोव्हेंबरातल्या सान मार्तीन्योच्या सणाचा रविवार करून सोमवारी ती गाडी घेऊन येणार होती.

डेल्मिरोने कामाची आखणी केली. आधी तो इरिया आणि ब्राइसकडे गेला. दोघं पुलावर टायर बघत होती.

"हे बघा पोरांनो, मी गेल्यावर लिसार्दोसाठी खाली उतरायचं. मीटर-बिटर काय असेल ते बंद ठेवायचं त्या दिवशी."

"हो काका," इरिया म्हणाली.

"नुसतं हो नको. तो वळणावर बसतो. त्याला घाई करायची नाही. चालत आणायचं. आणि काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे त्याला चढ कळत नाही."

ब्राइस खाली वाकून पंप शोधायला लागला. पंप त्याच्या हातातच होता.

मग डेल्मिरोने लिसार्दोला धरलं. "तुझ्याकडे शेवटचे काही रविवार आहेत. मी जायच्या आत तुला एकदा पाय न टेकता वर नेणार. म्हणजे पुढे कोणी नाही आलं तरी तुझं अडणार नाही."

"कशाला रे आता या वयात," लिसार्दो म्हणाला.

"कशाला म्हणजे? मी तिकडे समुद्राकडे बघत बसणार आणि तू इथे त्या थडग्यांशेजारी कुत्र्यासारखा धापा टाकत बसणार? मला झोप लागेल का?"

मग सुरू झाली शिकवणी. सॉसेज बंद. सकाळी केळं. "गिअर आधीच हलका कर. मान वर ठेव. नाकाने श्वास घे, तोंड काय गळक्या बादलीसारखं उघडं ठेवतोस?" लिसार्दो सगळं ऐकायचा. केळी खायचा. आणि रविवार आला की बरोब्बर त्याच वळणावर पाय टेकायचा. डेल्मिरो हताश व्हायचा, डोक्याला हात लावायचा, आणि मग चालता चालता दुसरंच काहीतरी बोलायला लागायचा.

सान मार्तीन्योचा रविवार उजाडला. नदीवर धुकं इतकं दाट की पुलाचं एकच टोक दिसत होतं. वर द्राक्षांची पानं लाल-पिवळी झालेली. मठात चेस्टनट भाजायला सकाळीच जाळ केला होता, त्याचा वास बुरुजापर्यंत आला. मंडळी पुलावर जमली तेव्हा डेल्मिरो म्हणाला, "आज मी पुढे जाणार नाही. आज लिसार्दोच्या चाकाला चाक लावून चढणार."

 इरियाने लिसार्दोकडे बघितलं. लिसार्दोने नदीकडे बघितलं. तिथे धुक्याशिवाय काही नव्हतं.

बाकीचे पुढे गेले. हे दोघं मागे. बुरूज गेला, द्राक्षमळे गेले. डेल्मिरो शेजारून सतत सूचना देत होता, आणि त्याचा स्वतःचा श्वास पूर्वीसारखा राहिला नव्हता, त्यामुळे सूचना तुटक तुटक येत होत्या. रान लागलं. ओल्या पानांवरून चाकं जपून न्यावी लागत होती. ते वळण दिसायला लागलं तसा लिसार्दोचा वेग आपोआप कमी झाला. त्याचा उजवा पाय पायडलवरून सुटायला लागला.

"नाही!" डेल्मिरो ओरडला. "टेकू नकोस! ऐक माझं. आज तू वर गेलास ना, तर मी उद्या सुखाने जाईन. नाहीतर माझा जीव इथेच अडकून पडेल. लिसार्दो, एकदाच. माझ्यासाठी."

लिसार्दोने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. डेल्मिरोचा चेहरा घामाने भिजला होता, आणि त्यावर असा काही विनवणीचा भाव होता की त्याने पुन्हा पाय पायडलवर ठेवला. कबरी गेल्या. वळण मागे पडलं.

डेल्मिरोला आनंदाने काय करू असं झालं. "बघ! बघ! जमतंय की नाही? म्हणत होतो ना मी?" तो हसला, खोकला, पुन्हा हसला. पुढचा टप्पा सगळ्यांत उभा. लिसार्दोने तो टप्पा येण्याआधीच गिअर हलका केला, खोगिरावरून उठला आणि चढायला लागला. सावकाश, एका लयीत. तोंड बंद. नाकाने श्वास.

डेल्मिरो एक चाक मागे पडला. मग दोन सायकली मागे पडला. तिथून त्याला लिसार्दोची पाठ दिसत होती. गेल्या वीस-बावीस वर्षांत त्याने ती पाठ या रस्त्यावर कधी बघितली नव्हती, कारण तो नेहमी पुढे असायचा किंवा शेजारून चालत असायचा. कुठे बसायचं, कुठे उठायचं, कुठे श्वास राखून ठेवायचा, हे त्या पाठीला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्याची सुरी हातात घेतली की ती रोज वापरतात की सणासुदीला काढतात हे डेल्मिरोला लगेच कळायचं. तसंच हे त्याला कळलं. हा माणूस हा चढ आज पहिल्यांदा चढत नव्हता.

तो धापा टाकत मागून चढत राहिला. 

लिसार्दो मठाच्या दारातून आत गेला. अंगणात एर्मितास भोकं पाडलेल्या मोठ्या कढईत चेस्टनट हलवत होती. तिने मान वर केली, नवऱ्याला सायकलवर बसलेलं बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"अरे मेल्या, आज रविवार आहे ना? बुधवारसारखा काय चढत आलास? डेल्मिरो बघेल ना!"

डेल्मिरो तोवर दारात पोचला होता.

अंगणात सगळे होते. द्राक्षमळेवाले भाऊ, ब्राइस, इरिया.  जाळात एक चेस्टनट फट्‌कन फुटला. इरियाला आपल्या सायकलची चेन एकदम फार बघण्यासारखी वाटायला लागली.

"बुधवारी काय असतं?" डेल्मिरोने विचारलं.

 शेवटी एर्मितासच म्हणाली, "घड्याळाची किल्ली. दर बुधवारी द्यावी लागते."

"ती द्यायला हा पाववाल्याच्या गाडीतून येतो."

"पाववाला मंगळवारी येतो," एर्मितास म्हणाली.

डेल्मिरोने सायकल भिंतीला लावली. दगडी कमानींखाली बाक आहे, तिथे जाऊन तो बसला. लिसार्दो त्याच्या शेजारी येऊन बसला, अंतर ठेवून, पूर्वी शाळेत मार खाण्याआधी बसायचा तसा.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वेड पांघरू नकोस. पाय न टेकता कधीपासून चढतोस?"

"पूर्वीपासूनच," लिसार्दो म्हणाला. "तो एक रविवार सोडून. तेव्हा गोळा खरा होता."

"आणि या सगळ्यांना माहीत होतं?"

ब्राइस पुन्हा पंप शोधायला लागला. डेल्मिरो उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला. "वीस वर्षं! वीस वर्षं तुम्ही सगळे इथे उपाशी बसून माझी मजा बघत होतात?"

"उपाशी कसले?" एर्मितास उसळली. "वाइनला हात लावला नाही कोणी, पण सॉसेज काय कमी हाणलेत मागच्या दाराने? आणि मजा कसली रे? तू वर यायचास तेव्हा तुझा चेहरा कसा असायचा ते आम्हाला माहीत आहे. तुला नाही माहीत."

त्यावर डेल्मिरो पुन्हा खाली बसला. त्याला राग आला होता, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो एका जाड्या, दमलेल्या मित्राला डोंगरावर चढवतोय. या एका कामाचा त्याला अभिमान होता. सुऱ्या काय, पुन्हा बोथट होतात.

"सांगायचं होतंस एकदा," तो म्हणाला.

"कधी सांगणार?" लिसार्दो म्हणाला. "तू बोलत असायचास. मध्ये कसं तोडायचं?"

कमानीतून खालची नदी दिसत होती. धुकं आता विरत चाललं होतं. डेल्मिरो तिकडे बघत राहिला.  मग तो लिसार्दोकडे वळला. "बरं. मी वीस वर्षं बोललो. आता तू बोल. तुला काय बोलायचंय ते बोल, मी मध्ये बोलणार नाही. सायंकाळपर्यंत बसतो."

लिसार्दो घाबरला. त्याने हात मांडीवर पुसले. एर्मितासकडे बघितलं, तिने कढईत बघितलं. त्याने खाकरून घेतलं. एवढी मोठी सवड त्याला आयुष्यात कोणी दिली नव्हती आणि तिचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं.  जाळावरचे चेस्टनट एका बाजूने करपले आणि कोणी ते हलवले नाहीत.

"जाऊ नकोस," लिसार्दो म्हणाला.

डेल्मिरो वाट बघत राहिला. आणखी काही येईल असं त्याला वाटलं. पण लिसार्दोचं बोलणं संपलं होतं.

डेल्मिरोने खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला, मग इरियाकडे दिला. "साबेलाला लाव गं."

इरियाने लावून दिला. पलीकडचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू येत होता, कारण डेल्मिरोचा फोन नेहमी मोठ्याने बोलतो.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय! उद्या गाडी आणू नकोस. मला येता यायचं नाही."

"येता यायचं नाही म्हणजे? बाबा, सगळं ठरलं होतं. मी सुट्टी घेतलीय. खोली रंगवलीय. आता ऐन वेळी काय काढलंत?"

डेल्मिरोने एकदा शेजारी बघितलं.

"अगं, कसं येऊ? इथे लिसार्दो आहे. त्याला चढ जमत नाही. जाड झालाय, पोटऱ्या कामातून गेल्यात. वळणावर बसून राहतो. मी गेलो तर त्याला वर कोण आणणार?"

"लिसार्दोकाका?" साबेला म्हणाली. "पण बाबा, लिसार्दोकाका तर..."

ती थांबली. वीगोच्या बाजूने गाड्यांचा आवाज येत होता, कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला. डेल्मिरोने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. लहानपणापासून ती या अंगणात खेळली होती. बुधवार कशाचा असतो हे तिला ठाऊक नसेल असं कसं होईल?

"हो बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला होता. "त्यांना नाही जमत. तुम्ही राहा. मी नाताळात येते भेटायला, मग बघू."

डेल्मिरोने फोन खिशात टाकला. "नाही येत म्हणून सांगितलं," असं तो उगाचच मोठ्याने म्हणाला. एर्मितासने करपलेले चेस्टनट बाजूला काढले आणि पांढऱ्या वाडग्यांत वाइन ओतायला घेतली. बाकावर लिसार्दो मान खाली घालून, हात गुडघ्यांवर टेकून, चांगला दमल्यासारखा बसला होता.